जादूघराचं मागलं अंगण

सकाळपासून मागच्या गल्लीतून गोवऱ्यांचा धूर येऊन राहिला आहे. कोणाच्या तरी घरी रोडग्यांचा बेत असणार. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे निखाऱ्यात भाजत आले की करपट, गोडसर वास सुटतो, आणि तो वऱ्हाडातल्या माणसाला कुठंही बसलेला असला तरी उठवतो. मी उठलो नाही. खिडकी लावून घेतली. तरी फटीतून तो आलाच. माणसाला निदान 'आज नको बापा, उद्या ये' म्हणता येतं. धुराला काय सांगणार? उशाशी येऊन बसला, आणि मग मीही पडल्या पडल्या त्याच्यासोबत बसलो.

हा वास माझ्या डोक्यात ज्या जागेला चिकटला आहे, ती जागा सांगितली तर लोक हसतात. अमरावतीच्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यावर फ्रीमेसन लोकांचं, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणणाऱ्या एका जुन्या मंडळाचं, सभागृह आहे. आम्ही त्याला लॉज म्हणतो, पण रिक्षावाल्याला लॉज म्हटलं तर तो स्टँडजवळच्या मुक्कामाच्या खोल्यांकडे नेतो. त्याला 'जादूघर' म्हणावं लागतं. खिडक्या उंच, त्यांना आतून काळे पडदे, आणि सभा असली की दाराबाहेर हातात नंगी तलवार घेऊन उभा माणूस. गावाला एवढं पुरे झालं. कोणी म्हणे आत कवटी आहे, कोणी म्हणे कोंबडं कापतात, कोणी म्हणे आत गेलेला माणूस बाहेर आल्यावर तोंड उघडत नाही. शेवटचं तेवढं खरं आहे, पण त्याला कारण मंत्र नाही. आत जे होतं ते इतकं साधं आहे की सांगायलाच लाज वाटते. खरं बोला, सरळ वागा, एकमेकांना धरून राहा, अडलेल्याला द्या आणि आपल्याला मरायचं आहे हे विसरू नका. एवढं सांगायला आम्ही हातात पांढरे मोजे घालतो, कमरेला एप्रन बांधतो आणि दोन तास उठबशा काढतो. ह्यात जर जादू असती तर मी कधीच सुधरलो असतो.

मी मूळचा परतवाड्याचा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मेळघाटातून उतरलेल्या सागाच्या भुशात वाढलो आणि हत्यारांची पेटी घेऊन अमरावतीत आलो. त्या रस्त्यावरून जाताना फाटकावर दगडात कोरलेला गुण्या आणि कंपास दिसला. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं आमचं सुतारी हत्यार. मला वाटलं, ही सुतार समाजाची धर्मशाळा असावी; आपल्याच लोकांची आहे, मुक्कामाला जागा मागून पाहावी. आत जाऊन मागितली. चौकीदार पोट धरून हसला. व्हरांड्यात एक म्हातारे डॉक्टर उभे होते, ते हसले नाहीत. म्हणाले, जागा नाही, पण एक खुर्ची लंगडते आहे, पाहतोस का. त्या खुर्चीपासून दुसरी, तिसरी, मग छताचे वासे, आणि असं करत मी त्या घरात रुतलो. पुढे माझं दुकान झालं, चार माणसं हाताखाली आली, तेव्हा त्याच डॉक्टरांनी मला सभासद करून घेतलं. दोघातिघांनी नाकं मुरडली. डॉक्टर म्हणाले, आपण गुण्या-कंपासाच्या नुसत्या गोष्टी करतो, एक तरी माणूस खरा गुण्या वापरणारा असू द्या.

ते सभागृह रेल्वेच्या इंजिनेर साहेबांनी आणि कापसाच्या व्यापाऱ्यांनी बांधलं. त्यांची आणि पुढच्या सभासदांची नावं भिंतीवरच्या लाकडी फळ्यांवर सोनेरी अक्षरात आहेत, वाळवीनं अर्धी खाल्लेली. साहेब गेले, मग पारशी आले, बोहरी आले, अकोल्याचे वकील, यवतमाळकडचे जमीनदार, आणि शेपटाला मी. गावात माणूस पाहून चहाचा कप वेगळा काढत, त्या दिवसांत ह्या घरात सगळे एका टेबलावर एका भांड्यातलं जेवले, असं म्हातारे सांगत. मी त्याचं शेवटचं टोक पाहिलं. आत एका चौरंगावर गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथ आणि पारशांचं पुस्तक शेजारी शेजारी उघडून ठेवतात. मला त्यातलं एकही धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझं कोणाशी भांडण नव्हतं. सभेच्या शेवटी दानाची थैली फिरायची. तीत प्रत्येकानं बंद मूठ घालायची आणि उघडा हात बाहेर काढायचा, म्हणजे कोणी काय टाकलं हे बाजूच्यालाही कळू नये, आणि ज्याच्याजवळ काही नाही त्याची मूठही तशीच आत जावी. त्या थैलीतून चिखलदऱ्याच्या खालच्या गावांत डोळ्यांची शिबिरं झाली, मोतीबिंदूची माणसं एस. टी. नं अचलपुरात आणून परत घरी पोचवली, पोरांना चष्मे मिळाले. माझ्या दुकानात सागाच्या कुबड्या व्हायच्या. ती कुबडी घेऊन बाजारात फिरणाऱ्याला कधी कळलं नाही की ती कोणी दिली. आता चार घोंगड्या वाटल्या तरी फाटकावर फ्लेक्स लागतो, आणि त्याच्यावरची तोंडं घोंगडीपेक्षा मोठी असतात. मी सांगून थकलो. म्हणतात, काका, जमाना बदलला. जमान्यानं कधी कोणाच्या घरी येऊन फ्लेक्स मागितला हे मला कोणी दाखवून द्यावं.

रोडगे ह्या सगळ्यात आले ते असे. सभेनंतर जेवण असतं. पूर्वी खानसामा होता, तो सूप आणि कटलेट करायचा. तो म्हातारा होऊन गावी गेला आणि एका सभेला सगळे मोठे मोठे लोक पाव आणि केळी खात बसले. मी बोलून गेलो, आमच्या घरची रोडगे चांगले करते. झालं. त्यानंतर किती वर्षं, ती शनिवारी दुपार कलली की सभागृहाच्या मागल्या अंगणात कडुनिंबाखाली गोवऱ्या रचायची. परातीत पीठ, बाजूला हिरव्या काटेरी वांग्यांचा ढीग, कमरेला पदर खोचलेला. आम्ही आत पाच पुस्तकांपुढे मान लववायचो आणि ती बाहेर राखेत चिमटा फिरवायची. आत काय चाललं ते तिनं एकदाही विचारलं नाही.

"तुमच्या जादूचं मले काई नोका सांगू," म्हणायची. "मानसं किती हायेत थे सांगा, म्हणजे तेवढं पीठ मळते."

आम्ही मोजे काढून मागे यायचो तेव्हा ती राख झटकलेले रोडगे फोडून त्यांच्यात तूप सोडत असायची. जज्ज असो की कापसाच्या जिनिंगचा मालक, तिच्यापुढे ताट धरून ओळीत. कोणी तारीफ केली तर म्हणायची, "भूक लागली म्हणून गोड लागते, पोट भरल्यावर सांगा." ती जेवायची सगळ्यात शेवटी, चुलीपाशीच. आतल्या दालनात बायांनी जायचं नाही अशी चाल होती. दुसऱ्या गावी घरच्यांना दाखवतात म्हणे. आमच्याकडे साहेबांच्या काळातली चाल कोणी मोडली नाही. एकदा अवकाळी पाऊस आला, गारांचा. ती परात डोक्यावर धरून मागल्या दाराच्या वळचणीला उभी राहिली. तलवारवाला भला माणूस होता, त्यानं तलवार काखेत मारली आणि तिच्यावर छत्री धरून पाऊस सरेपर्यंत स्वतः भिजला. पण हाताच्या अंतरावरचं दार काही त्यानं उघडलं नाही. ती ही गोष्ट जन्मभर हसत हसत सांगायची. "तलवारवाल्या शिपायानं मले छत्री धरली, राणीले धरते तशी." ऐकणारेही हसत. मीही हसायचो.

मागल्या भादव्यात ती गेली. साखरेनं आधी पाय घेतले, मग किडन्या. लॉजचे सगळे आले, खांदा दिला, मला एकट्याला बसू दिलं नाही, हे मी नाकारत नाही. पण नंतर त्यांच्या मायेनं मला बेजार केलं. रोज एकाच्या घरून डबा. तिघांच्या घरी एकाच दिवशी पालक. संध्याकाळी दोघं दोघं येऊन बसायचे आणि मृत्यू अटळ आहे असं सांगायचे, जसं काही मला कोणी वेगळं कळवलं होतं. आणि मग दिवाळी आली.

आमच्याकडे जुनी रीत आहे. गेलेल्या सभासदाच्या विधवेकडे दिवाळीला साडी आणि फराळ घेऊन जायचं. लॉजचा मुख्य, त्याला आम्ही मास्टर म्हणतो, तो यंदा दातांचा एक तरुण डॉक्टर आहे. गुणी पोरगा, पण मराठी, इंग्रजी आणि नियम ह्या तिन्ही भाषा एकदम बोलतो. तो दारात उभा राहिला, हातात फराळाचा डबा आणि कागदात गुंडाळलेली साडी.

मी म्हटलं, "हे काय हाये?"

"काका, आपली परंपरा आहे. दुःख झालेल्या घरी दिवाळीला जायचं."

"थे समजलं. साडी कोनाले?"

तो साडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, आपल्या यादीत घर धरतात. माणूस धरत नाहीत."

"मंग नेसू काय मी?"

त्याला हसू आलं, आणि हसता हसता पोरगा रडायला लागला. आता मी माझं रडू की त्याचं पुसू? त्याला बसवलं, चहा केला, त्यात साखर दोनदा पडली. त्यानं तो तसाच प्याला. इतक्या वर्षांत ह्या लोकांनी विधवांसाठी सगळं ठरवून ठेवलं. बाई आधी जाईल आणि पुरुष मागे राहील हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. साडी परत ने म्हटलं तर म्हणे, दिलेलं परत घेत नाहीत. ती साडी राणी रंगाची आहे. तिला तो रंग सोसत नव्हता, डोळ्यात खुपतो म्हणायची. तिच्या साड्यांच्या चळतीवर ठेवून दिली. दुसरी कुठं ठेवणार?

इथवर मी सोसलं. पण संक्रांतीच्या पुढं लॉजचं वार्षिक शिबिर असतं. सकाळी डोळे तपासायचे आणि दुपारी गेलेल्या भावांच्या विधवांना जेवण, मागल्या अंगणात मांडवाखाली. यंदा ठरलं, की शिबिराला तिचं नाव द्यायचं, फाटकावर तिचा फोटो लावायचा, आणि आतल्या दालनात तिच्या फोटोला हार घालून शोकसभा घ्यायची. मला सांगायला तो दातांचा डॉक्टर आणि आणखी दोघं आले होते. खूप मोठा मान देऊन राहिलो असं त्यांच्या तोंडावर होतं.

मी विचारलं, "तिचा फोटो आत न्याल?"

"हो काका. पहिल्यांदाच होतं आहे हे."

"अन् बाकीच्या बाया कुठी बसतीन?"

"मागे. मांडवात. नेहमीसारख्या."

"मंग तिलेबी मागेच ठेवा."

मग मी बोललो, आणि थोडं जास्तच बोललो. जिवंत होती तोवर गारा पडत असतानाही जी बाई त्या दारातून आत आली नाही, तिला मेल्यावर काचेच्या चौकटीत घालून आत नेणार आणि जित्याजागत्या बाया बाहेर उन्हात बसणार. नाव नको, फोटो नको, फ्लेक्स तर नकोच. तिच्यासाठी काही करायचं असेल तर त्या दिवशी दार उघडा, बायांना आत बसवा आणि तुम्ही वाढा. ते जमत नसेल तर मी माझा एप्रन आणून देतो, माझ्या वयाच्या माणसाला तो नाहीतरी पोटावर बसत नाही.

मग महिनाभर जे चाललं ते विचारू नका. डॉक्टर म्हणे, माझ्या हातात नाही. जुने म्हणत, त्याच्याच हातात आहे. कोणी म्हणे वरच्या लोकांना विचारू, कोणी म्हणे इंग्रजी पुस्तकात पाहू, आणि पुस्तक कुठं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. रोज एकाचा फोन. काका, तुमची भावना आम्हाला समजते, पण. ह्या 'पण'च्या पुढं कोणी गेलंच नाही. सहनशीलता शिकवणाऱ्या घरात इतकी वर्षं काढून माझ्या अंगी ती आली नाही, हे मला त्या महिन्यात कळलं.

शेवटी अकोल्याचे वकील आले. आमच्या सगळ्यात म्हातारे, दमेकरी, पॅसेंजरनं एकटे येतात आणि कोणी हात धरू लागलं तर काठी दाखवतात. सगळ्यांचं ऐकून घेतलं, दम घेतला आणि म्हणाले, "काय लावलं बे तुमी हे? सभा भरली का थे मंदिर. सभा सरली, पुस्तकं मिटली, का थे खोली. खोलीत बाई जात नाई काय? तुमच्या घरी खोल्या नाईत काय?"

प्रश्न मिटला हे सगळ्यांना कळलं. मग म्हातारा माझ्याकडे वळला. "अन् सुतारभाऊ, थे जिती होती तवा तुले हे दार दिसलं नाई काय?"

वकिलाला उत्तर देऊन कोणाचं भलं झालं आहे?

त्या दिवशी बाया आल्या, दहाबारा असतील. बहुतेक अमरावतीच्या, दोघी वकिलांसोबत अकोल्याहून, एक अचलपूरची एस. टी. नं. मागल्या अंगणाकडे वळल्या तर डॉक्टर म्हणाला, इकडून, समोरून या. त्यांनी आपण होऊन चपला काढल्या. उंबऱ्यापाशी सगळ्या थबकल्या. आमचा एक भाऊ जिनिंगमध्ये फोरमन होता, त्याची बायको पुढे होती. तोंडाची फटकळ, नवऱ्याच्या माघारी पिठाची चक्की चालवून दोन पोरी उजवल्या तिनं.

ती डॉक्टरला म्हणाली, "पुरुषायले डोये बांधून आत नेता म्हणे. आमाले बी बांधता काय?"

डॉक्टरचे कान लाल झाले. "नाही काकू, तुम्ही तशाच या."

त्या आत गेल्या. दालनात काळ्यापांढऱ्या चौकोनांची फरशी आहे, बुद्धिबळाच्या पटासारखी, सुखदुःखाची खूण म्हणून. त्या कडेकडेनं चालल्या, जसं काही मध्ये कोणी झोपलं आहे. छतावर निळा रंग आणि त्याच्यावर चांदण्या, पोपडे धरलेल्या. भिंतीवरच्या फळ्यांत एकीनं नवऱ्याचं नाव शोधलं, तिला वाचता येत होतं. बोट अक्षरांपासून जरा दूर ठेवून फिरवलं.

मग फोरमनची बायको म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"याच्यासाठी आमचे हे शनिवारी घरी येऊन पाठ वळवून झोपत. मले वाटे आत काय असीन न काय नाई. दोन रात्री त मी रडली, का हा मानूस भूतं पुजते." ती मास्टरच्या उंच खुर्चीवर जाऊन बसली. कोणाची छाती झाली नाही तिला उठवायची. "उंच हाये थे बरं हाये. गुडघ्याले तरास नाई. हे पडदे कवा धुतले होते?"

तिथून पुढं सगळ्यांना वाचा फुटली. जाळी लागली आहेत, समया पितळेच्या असून काळ्या का, खिडकी एकही उघडत कशी नाही. आमच्या तीन पिढ्यांनी जपलेल्या गूढ जागेत त्यांना पहिल्यांदा दिसली ती धूळ. मला फार बरं वाटलं. जेवायला त्या फरशीवरच बसल्या, दोन ओळींत. वकील, डॉक्टर, एक इंजिनेर आणि मी, असे वाढायला. वरणाची बादली हातात धरून डॉक्टर इतका वाकला की प्रत्येकीच्या ताटापेक्षा बाजूला जास्त पडलं. रोडगे केटरिंगवाल्याकडचे होते, बाहेरून करपलेले आणि आत पीठ. बायांनी तोंडावर सांगितलं, केटरिंगवाला कान खाजवत राहिला. फोटो नव्हता, हार नव्हता, कोणाचं भाषण झालं नाही. अर्धं जेवण झाल्यावर फोरमनची बायको वांग्याच्या भाजीत बोट बुडवून म्हणाली, "थे असती त मीठ बराबर असतं." बाकीच्यांनी माना हलवल्या आणि पुन्हा जेवू लागल्या. शोकसभा झाली ती एवढी, आणि मग सगळ्यात शेवटी मी जेवलो तेव्हा भादव्यापासून पहिल्यांदा घास सरळ उतरला.

बाया गेल्यावर मी दालनात थांबलो. काळ्यापांढऱ्या चौकोनांवर वरणाचे पिवळे डाग, रोडग्याचा चुरा, ओल्या पायांचे ठसे ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. आता कोणी कडेनं चालल्याचं दिसत नव्हतं. जाताना सगळ्या मधूनच गेल्या होत्या. आल्या, बसल्या, जेवल्या, नावं ठेवून गेल्या. जिच्यासाठी दार उघडलं, ती तेवढी त्यांच्यात नव्हती. चौकीदार बादली आणि फडकं घेऊन आला. मी म्हटलं, आज राहू दे. तो बरं म्हणाला.

सकाळी उठून मुद्दाम गेलो. फरशी लखलखीत. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं.

"तुले सांगितलं होतं ना, पुसू नोको म्हणून?"

"काका, वरण सांडलं होतं," तो म्हणाला. "मुंग्या लागल्या असत्या."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच राग जास्त आला. रागानं बराच वेळ तिथं बसलो, आणि बसून बसून तोही ओसरला. माणूस गेल्यावर मागे काय राहतं ह्याच्यावर लॉजमध्ये मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यातलं एकही मला आठवत नाही. मला एवढंच दिसतं की मागे जे राहतं ते पुसणाऱ्याच्या हाती असतं. आणि त्या बिचाऱ्यालाही मुंग्यांचं पाहावं लागतं.